खुन्नस : एक्क्याऐंशी

पडद्यावर आकडा आला तेव्हा हर्षल अजून जमिनीवरून उठलाही नव्हता. खुन्नस : ८१. लाल आकडा, दोन मजली घराएवढा. चाळीस हजार माणसांनी आधी तो आकडा बघितला, मग पोराकडे बघितलं आणि मग आरडाओरडा सुरू केला. ज्याचा पाय मोडला होता त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

मी कोकण रेडे या संघाची हेल्मेटं सांभाळते. हर्षल मोकल माझ्या भावाचा मुलगा. पेणच्या खाडीला लागून आमची मिठागरं होती. तिथल्या बांधावर मी त्याला आणि त्याच्या बरोबरीच्या तीसएक पोरांना कबड्डी शिकवली. त्या रविवारी जे झालं ते मी बाकाच्या टोकाला उभी राहून बघितलं. टीव्हीवर तुम्हाला दाखवलं ते निम्मं आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे येऊन अकरा वर्षं झाली. चेंडू लांबुळका असतो, तो काखेत घेऊन पळायचं, समोरच्यांनी पळणाऱ्याला पाडायचं. मागे उभा राहून चेंडू फेकणारा, सगळा डाव चालवणारा तो क्वार्टरबॅक. जाहिराती त्याच्या, पोस्टरं त्याची. पळणाऱ्याला पाडलं आणि त्याचा गुडघा टेकला की शिट्टी होते. शिट्टी झाली की त्याच क्षणी हात सोडायचा. पाडणारे गडी कुठून आणायचे असा प्रश्न पडला तेव्हा या संघवाल्यांना कबड्डी आठवली. रायगड, सांगली, परभणी इथली पोरं त्यांनी गाड्या भरभरून नेली. पळत्या माणसाचा घोटा धरून त्याला आडवा करणं आमच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. वरून टीव्हीवाले त्यांना 'रांगडे' म्हणायला लागले. पोरांना ते कौतुक वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी समोर मुंबई तुफान होते आणि त्यांचा क्वार्टरबॅक निहार गुप्ते. पहिल्या अर्ध्यात हर्षल खाली पडलेला असताना गुप्ते त्याच्या हातावर उभा राहिला. बुटाखाली खिळे असतात. त्याने खाली बघितलं, टाच फिरवली आणि मग पुढे गेला. हर्षलची दोन बोटं मोडली. पडद्यावर आकडा आला : १२. हिरवा. समालोचक निनाद पोतनीस भोंग्यावरून ओरडला, "काय जोश आहे या माणसात!"

मधल्या सुट्टीत मी पट्टी बांधली. हर्षल म्हणाला, "आत्या, घट्ट बांध." एवढंच.

शेवटच्या भागात गुप्ते स्वतः चेंडू घेऊन पळाला. हर्षलने झेप घेऊन त्याचा घोटा धरला. गुप्ते आडवा झाला, गुडघा टेकला, शिट्टी झाली. हर्षलने हात सोडला नाही. एक सेकंद गेला, दोन गेले, वर थोडं. गुप्तेने सुटायला अंगाला पीळ दिला, अंग एकीकडे गेलं आणि पाय हर्षलच्या हातात राहिला. गुडघ्याचा आवाज बाकापर्यंत आला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काहीही असो, तो पाय मोडायला नको होता.

मग आकडा. नियम असा आहे की पंच्याहत्तरच्या वर दोनदा गेलं की जन्माची बंदी. हर्षलचा मागच्या वर्षी एकदा सत्याहत्तर आला होता. गुरुवारी समितीपुढे सुनावणी ठेवली. सगळे म्हणाले, नावापुरती सुनावणी आहे.

सोमवारी सकाळी हेल्मेटांच्या खोलीत ऋतुजा शेवडे आली. पडद्यावरचा तो आकडा काढणारं मशीन म्हणजे हेतूमापक. ते बसवणाऱ्या कंपनीची ती इंजिनियर. पोरगी सरळ आहे, येताना माझ्यासाठी चहा आणते.

मी विचारलं, "हे मशीन माणसाच्या मनातलं वाचतं म्हणतात. खरं का गं?"

"मनातलं कुणाला वाचता येतंय, मावशी? माझ्या नवऱ्याच्या मनातलं मला चार वर्षांत वाचता आलं नाही."

मला हसू आलं नाही. तिने मग हेल्मेट उलटं केलं आणि आतल्या चकत्या दाखवल्या. त्या मी रोज पुसते, पण त्या काय करतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माणूस हात हलवतो त्याच्या अर्धा सेकंद आधी मेंदूत एक बारीक लहर उठते. हात उचलायची तशी, हात सोडायचीही. चकत्या ती लहर पकडतात. हातमोजे पकडीचा जोर मोजतात. शिट्टी कधी झाली, लहर कधी उठली, जोर किती होता, हे सगळं जुळवून मशीन आकडा काढतं.

"हर्षलचं काय झालं?"

"शिट्टी झाल्यावर हात सोडायची लहर उठायला हवी होती. अडीच सेकंद ती उठलीच नाही. म्हणजे त्याने सोडायचं ठरवलंच नाही. हे मोजमाप बरोबर आहे, मावशी, मी तीनदा तपासलं."

"मग खुन्नस आहे हे कुणी ठरवलं? लहरीवर लिहिलेलं असतं का?"

ऋतुजाने दाराकडे बघितलं. मग खालच्या आवाजात बोलली. लहरीला नाव द्यायचं मशीनला शिकवावं लागतं. हा जोश, ही चूक, ही खुन्नस, अशी लाखभर उदाहरणं दाखवावी लागतात. इतक्या उदाहरणांना नावं द्यायला जाणकार माणसं बसवायची तर वर्षं गेली असती. म्हणून स्टेडियम चोवीस या चॅनेलने आपलं आठ हंगामांचं चित्रण दिलं आणि समालोचक त्या त्या वेळी जे शब्द बोलले होते तेच नाव म्हणून लावले.

"म्हणजे पोतनीस जे बोलला ते?"

"पोतनीस आणि त्याच्यासारखे आणखी चार. गुप्तेसारख्यांनी उशिरा धडक दिली की ते जोश म्हणाले. खाली वाकून घोटा धरणाऱ्या पोरांनी दिली की खुन्नस म्हणाले. मशीनला माणसांची नावं कळत नाहीत. त्याला एवढंच कळलं की वाकलेली पाठ, गुंफलेली बोटं आणि घोटा असं दिसलं की आकडा चढवायचा."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं."

"मला गेल्या वर्षी कळलं. मी मेल केला होता."

"मेल केला होता!" मी म्हणाले. तिचा चहा तसाच ठेवला. नंतर वाईट वाटलं, पण त्या वेळी नाही. आठ वर्षं पाच माणसांनी काचेच्या खोलीत बसून तोंडाला येईल ते बडबडायचं, ती बडबड एका डब्यात ओतायची, आणि डब्यातून आकडा बाहेर पडला की त्याला विज्ञान म्हणायचं. पोतनीस 'गुंड' म्हणाला असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. एक्क्याऐंशीशी कसं भांडणार?

मंगळवारी दुपारी मी हर्षलच्या कामोठ्याच्या घरी गेले. टीव्हीवर तीच चित्रफीत चालू होती. शिट्टी, हात, गुडघा. परत शिट्टी, हात, गुडघा. बोटांवर उभा राहिलेला गुप्ते एकदाही दाखवला नाही.

"बंद कर ते."

"असू दे गो. बघतोय." त्याने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "पोतनीसचा माणूस येऊन गेला. शनिवारी त्यांच्या कार्यक्रमात बसायचं. माझ्या मनात खुन्नस होती, मी जाणूनबुजून धरून ठेवलं, असं कबूल करायचं. मग बंदी एक वर्षाची होईल. समितीशी बोलणं झालंय म्हणे."

"आणि तू?"

"एक वर्ष म्हणजे काहीच नाय, आत्या. मी चोवीस वर्षांचा आहे. पंचविसाव्या वर्षी परत मैदानात."

"पण खुन्नस होती का तुझ्या मनात?"

हा सात वर्षांचा असल्यापासून मी याला खेळताना बघतेय. मध्यरेषेला हात लागला नसेल तर पंचाच्या आधी स्वतः बाहेर जाऊन बसायचा. त्याला खोटं बोलता येतच नाही.

"मना ठाऊक नाय," तो म्हणाला. "बोटांवर उभा राहिला तेव्हा राग आला होता. मशीनने डोक्याच्या आत बघितलंय गो. मी बाहेरून बघतोय. मशीन म्हणतंय तसंच असेल."

आकड्याचा मला राग आला होता, पण हे ऐकून मी उठून टीव्हीच बंद केला. पाय गुप्तेचा मोडला, पण या पोराचा स्वतःवरचा विश्वास मोडला होता. आपण काय केलं हे आपल्याला ठाऊक असतं एवढी एकच गोष्ट गरिबाकडे असते. तीही काढून घेतली.

"त्या वेळी काय आठवतं ते सांग. मशीनचं नको, तुझं."

"काय नाय आठवत. घोटा हातात होता. कसलातरी आवाज चालू होता. तो चालू होता तोवर मी धरून होतो. थांबला आणि हात सुटला."

"शिट्टीचा आवाज?"

"नाय. शिट्टी ऐकूच आली नाय."

घरी येताना बसमध्ये मला एकदम उमगलं. आमच्या मिठागरावर उन्हाळ्यात खाडीचा वारा असा सुटायचा की शिट्टी हातभर अंतरावरही ऐकू येत नसे. मग मी शिट्टी बंद केली होती. पोरांना सांगितलं होतं, पकडलेल्याचा दम ऐका. तो कबड्डी कबड्डी म्हणतोय तोवर पकड ढिली करायची नाही. दम तुटला की तत्काळ सोडायचं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. दम तुटल्यावर जो धरून ठेवेल त्याला मी तीन बांधांना फेऱ्या मारायला लावत असे. दहा वर्षं, रोज दोन तास. ते त्यांच्या डोक्यात राहिलं नव्हतं, हातात उतरलं होतं. या खेळात कुणी कबड्डी म्हणत नाही. मग हर्षल कशाचा आवाज ऐकत होता?

हेल्मेटाच्या चकत्यांबरोबर बारीक मायक्रोफोनही असतो. सामन्यानंतर हेल्मेट धुण्याआधी आतली साठवण पुसायची असते, ते माझं काम. हर्षलचं हेल्मेट मी अजून धुतलं नव्हतं. रागाने त्याला हातच लावला नव्हता. बुधवारी सकाळी मी ऋतुजाला बोलावलं. ती आली आणि तिने आवाज लावला.

हर्षलचा श्वास. पायांची धडधड. धप्प. शिट्टी, लांबून, गर्दीत बुडालेली. आणि तिच्यावर, अगदी कानाशी, निहार गुप्तेचा आवाज. सोड ए खारट, मिठागरातल्या किड्या, आणि पुढे हर्षलच्या आईवरून, बहिणीवरून, एका दमात, न थांबता. सगळ्या शिव्या मी इथे लिहिणार नाही. मग गुडघ्याचा आवाज आणि किंकाळी. किंकाळीसाठी गुप्तेने श्वास घेतला, तिथे त्याचा शिव्यांचा दम तुटला. ऋतुजाने पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवलं. शिट्टीपासून त्या श्वासापर्यंत अडीच सेकंद. हात सोडायची लहर बरोबर त्या श्वासावर उठली होती.

"चॅनेलकडे हा आवाज असेल ना?" मी विचारलं.

"गुप्तेच्या हेल्मेटातून जास्त स्पष्ट असेल. पण जाहिरातींच्या करारात आहे, त्याचं मैदानावरचं बोलणं प्रसारणात येत नाही. आधीच गाळतात." तिने आवाज बंद केला. "मावशी, आणखी एक. शनिवारी त्याने कबुली दिली की ती मशीनला शिकवतील. आतापर्यंत सगळी नावं बाहेरच्यांनी दिलेली आहेत. खेळाडूने स्वतः कबूल केलेलं एक उदाहरण हजार उदाहरणांच्या वजनाचं असतं. मग ही पकड म्हणजे खुन्नस, हे कायमचं पक्कं."

आता कळलं पोतनीसला इतका कळवळा का आला ते.

गुरुवारी समितीच्या खोलीत पाच सभासद होते. मधे निवृत्त न्यायाधीश देवस्थळी, कडेला चॅनेलचा वकील, आणि मागे खुर्ची टाकून पोतनीस स्वतः. हेतूमापकही तिथे होतं, सुनावणीत खेळाडूला पुन्हा तपासतात म्हणून, आणि ते चालवायला ऋतुजा. मी आवाज ऐकवला. वकील म्हणाला, शिवीगाळ दुर्दैवी आहे, पण शिव्या ऐकल्या म्हणून खुन्नस आली असंच यातून सिद्ध होतं.

"साहेब, मला ते हेल्मेट घाला," मी म्हणाले.

"तुम्हाला? बाई, वय काय तुमचं?"

"एकाहत्तर. घोटा धरायला अजून वाकता येतं."

पोतनीस हसला. देवस्थळींनी हात वर करून परवानगी दिली. मी हेल्मेट, हातमोजे चढवले, पदर खोचला. हर्षलला म्हणाले, दम घे आणि ये. त्या गालिच्यावर तो कबड्डी कबड्डी करत आला, मी त्याचा घोटा धरला, तो आडवा झाला. देवस्थळींच्या शिपायाने शिट्टी वाजवली. मी धरून राहिले. हर्षलने दम चालू ठेवला. मग तो थांबला आणि माझा हात सुटला.

पडद्यावर आकडा आला : ८४.

"आत्याबाईंची भाच्यावर एवढी खुन्नस?" पोतनीस म्हणाला.

"त्याच्या लग्नाचं जमवतेय म्हणून असेल," मी म्हणाले. एक सभासद फिस्सकन हसली. "साहेब, हा माझ्या हाताखाली वाढला. हा दोष असेल तर माझा आहे. नवा खेळ शिकून त्याने जुनी सवय मोडायला हवी होती, ती मोडली नाही, त्याबद्दल चार सामने बसवा, दहा बसवा. एकाचा पाय गेलाय. पण याच्या मनात काय होतं ते तुमच्या डब्याला माहीत नाही. त्याने फक्त पोतनीसांचं पाठांतर केलंय."

पाचही सभासद आतल्या खोलीत गेले. तासाभराने देवस्थळी परत आले. माणूस वाईट नसावा, नजर वर करत नव्हता.

"बंदी आम्ही मागे घेतो. सहा सामने बाहेर, मग खेळा. दोन अटी. हे ध्वनिमुद्रण कुणाला द्यायचं नाही. आणि नोंदीतला आकडा एक्क्याऐंशीच राहील."

"आकडा का राहील?" हर्षलने विचारलं. सुनावणीत तो पहिल्यांदाच बोलला.

"तो बदलला तर आठ हंगामांच्या सगळ्या नोंदी उघडाव्या लागतील."

"या आकड्यावर जन्माची बंदी झालेली पोरं किती?"

ऋतुजा मागून म्हणाली, "अकरा. दहा कबड्डीतली."

त्या पोराला खेळायचं किती होतं ते मला ठाऊक आहे. बोटं मोडल्यावरही त्याने 'घट्ट बांध' म्हटलं होतं. मला ओरडायचं होतं, सही करू नकोस. सही कर असंही ओरडायचं होतं. पण हात त्याचे, सही त्याची.

त्याने कागद उलटा करून ठेवला.

"गुप्तेच्या पायाबद्दल मी माफी मागतो. त्याला दवाखान्यात जाऊन सांगितलंय, इथंही सांगतो. खुन्नस नव्हती. आता मला पक्कं ठाऊक आहे. एक्क्याऐंशी खोटं आहे आणि त्या अकरांचेही तपासल्याशिवाय खरे नाहीत. तुमच्याजवळ उघडायला वेळ नसेल तर माझ्याजवळही सही करायला नाय."

जन्माची बंदी कायम झाली. त्याच दुपारी आम्ही तो आवाज सगळीकडे सोडला. चॅनेलने दोन तासांत सांगितलं, बनावट आहे. ऋतुजाची नोकरी गेली. गुप्तेने चार दिवस तोंड उघडलं नाही आणि पाचव्या दिवशी सांगितलं की त्याला काही आठवत नाही. पण इतर संघांतही हेल्मेटं धुणाऱ्या बायका आहेत. सांगलीहून एकीने दोन मुद्रणं पाठवली, बंदी झालेल्या परभणीच्या एका पोराच्या बहिणीने एक. ऋतुजा आमच्या ओटीवर बसून ती तपासते. आतापर्यंत हर्षल धरून तिघांच्या लहरी समोरच्याच्या आवाजावर सुटलेल्या निघाल्या. एका पोराची मात्र नाही निघाली, त्याने खरंच मुद्दाम मारलं होतं. तेही तसंच लिहून ठेवलं आहे. हर्षल सकाळी पेणच्या शाळेत पोरांना शिकवतो. शिट्टीवर हात सोडायला शिकवतो. संध्याकाळी मैदानाकडे बघत नाही.

काल पोतनीस कॅमेरा घेऊन आमच्या दारात आला. थेट प्रसारण होतं. सोबत हेल्मेटही आणलं होतं, लोकांसमोर माझं मन तपासू या म्हणाला. गर्दी जमली. त्याने गोड आवाजात विचारलं, "द्वारकाबाई, खरं सांगा. चॅनेलबद्दल, माझ्याबद्दल तुमच्या मनात खुन्नस आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "ते हेल्मेट ठेव बाजूला. शंभर लिहून घे, आणि खाली माझं नाव लिही."